बेवारस देहांचा हिशोब



इतिहास म्हटलं की आपल्यापुढं राजे उभे राहतात, लढाया उभ्या राहतात, सनावळ्या उभ्या राहतात. डॉक्टरच्या डायऱ्या, दवाखान्याचे केसपेपर, मुडदेघराची रजिस्टरं हाही इतिहास असतो हे शाळा-कॉलेजात कुणी सांगत नाही. खरं तर आपल्या लोकांच्या अंगाला सगळ्यात जवळून भिडलेला इतिहास तिथंच आहे. म्हणून या अंकात एका गोऱ्या लष्करी डॉक्टरच्या कागदांविषयी लिहितो आहे. त्याचं नाव हेन्री वँडाइक कार्टर. त्याच्या डायऱ्या, बहिणीला लिहिलेली पत्रं आणि इतर कागद लंडनच्या वेलकम संग्रहात पेट्यांत घालून, नंबर टाकून जपून ठेवलेले आहेत. या माणसाची नऊ वर्षं आपल्या शेजारी सातारला गेली आणि उरलेली बहुतेक नोकरी मुंबईत.

आपल्यातले काही मित्र म्हणतील, साहेबाच्या डायरीत आपलं काय? काही म्हणतील, इंग्रज आला म्हणून आपण माणसात आलो, त्याचे उपकार माना. दोन्ही बोलणी अर्धवट आहेत. कागदाची पूजाही करायची नाही आणि होळीही करायची नाही. कागद हा साक्षीदार आहे आणि साक्षीदाराची उलटतपासणी करायची असते. बाबासाहेब बॅरिस्टर होते, हे आपण विसरू नये. या साक्षीदाराला मी तीन प्रश्न विचारणार आहे. देह कुणाचा? हात कुणाचा? नाव कुणाचं?

१. कार्टर कोण होता

१८३१ साली इंग्लंडात हल या शहरी त्याचा जन्म झाला. बाप चित्रकार. पोराच्या हातात चित्रकला बापाकडून आली. पुढं तो लंडनच्या सेंट जॉर्ज हॉस्पिटलात डॉक्टरी शिकला. तिथं हेन्री ग्रे नावाचा त्याच्यापेक्षा थोडा वरचा, हुशार आणि महत्त्वाकांक्षी सर्जन होता. १८५५ च्या अखेरीस ग्रेनं त्याला सांगितलं, विद्यार्थ्यांसाठी शरीररचनेचं नवं पुस्तक काढू. मजकूर मी लिहितो, चित्रं तू काढ. पुढची दीडेक वर्षं दोघांनी मिळून प्रेतं फाडली. कार्टरनं ३६३ चित्रं काढली, तीही लाकडाच्या ठोकळ्यांवर, छापल्यावर सुलट दिसावीत म्हणून उलटी. १८५८ साली पुस्तक निघालं. तेच 'ग्रेज अॅनाटमी'. दीडशेहून जास्त वर्षं जगभरचे डॉक्टर ज्या पुस्तकाचं नाव घेत आले, ते हे पुस्तक.

आता नावाचा व्यवहार बघा. ग्रेला दर हजार प्रतींमागं १५० पौंड मिळायचे ठरले. कार्टरला एकदाच काय ते १५० पौंड आणि विषय संपला. त्या पैशातून त्यानं सूक्ष्मदर्शक घेतला. पुस्तकाच्या पहिल्या पानाचं प्रूफ आलं तेव्हा ग्रेनं कार्टरच्या नावाचा टाइप लहान करायला लावला. कार्टरची मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्रोफेसर म्हणून झालेली नेमणूक तिथं छापली जाणार होती. ग्रेनं ती ओळच काट मारून काढली. कार्टरच्या चित्रांची खुबी अशी, की प्रत्येक हाडावर, प्रत्येक शिरेवर तिचं नाव तिथंच लिहिलेलं आहे. विद्यार्थ्याला आकडे बघून तळटीप शोधावी लागत नाही. सगळ्या अवयवांना नावं देणाऱ्या या हाताचं स्वतःचं नाव मात्र बारीक झालं. पुढं जगानं पुस्तकालाच ग्रेचं नाव दिलं. ठोकळे कोरणाऱ्या कारागिरांचं नाव तर कुणाच्या गावीही नाही.

ग्रे १८६१ साली ३४ व्या वर्षी देवीच्या रोगानं मेला. कार्टर तोवर आपल्याकडं आलेला होता. १८५८ च्या आरंभी त्यानं हिंदुस्थानातल्या वैद्यकीय नोकरीची परीक्षा दिली आणि तो मुंबई इलाख्यात उतरला. सत्तावन्नचा उठाव अजून पुरता विझला नव्हता, कंपनी सरकारचे शेवटचे महिने चालले होते. ही नोकरी मुळात लष्करी. डॉक्टरला लष्करी हुद्दा असायचा, लढाई लागली की पलटणीबरोबर जायचं आणि एरवी मुलकी कामाला 'उसना' द्यायचा. कॉलेज, इस्पितळ, जिल्ह्याचा दवाखाना, तुरुंग ही सगळी कामं हेच लष्करी डॉक्टर करत. कार्टर आधी मुंबईत शिकवत होता. १८६३ पासून १८७२ पर्यंत तो सातारचा सिव्हिल सर्जन होता. मग रजेवर युरोप, मग काठेवाड, मग पुन्हा मुंबई. तो ग्रँट कॉलेजचा प्रिन्सिपॉलही झाला. १८८८ साली निवृत्त झाला आणि १८९७ च्या मे महिन्यात क्षयानं मेला.

त्याच्या डायऱ्यांत स्वतःला बोल लावणं खूप आहे. देवाविषयी शंका, पैशाची चिंता, आपण आळशी आहोत ही टोचणी. माणूस प्रामाणिक होता, कष्टाळू होता, हे मान्य करायला आपल्याला काहीच हरकत नाही. पण आपला प्रश्न त्याच्या स्वभावाचा नाही.

२. देह कुणाचा?

ग्रे आणि कार्टर यांनी दीड वर्ष जी प्रेतं फाडली ती आली कुठून? लॉर्डांच्या वाड्यांतून आली नाहीत. इंग्लंडात १८३२ साली एक कायदा झाला. त्याच्या आधी फाशी गेलेल्या गुन्हेगारांची प्रेतं चिरफाडीला देत, आणि ती पुरत नसत म्हणून कबरी उकरून मढी चोरण्याचा धंदा चालायचा. १८३२ च्या कायद्यानं सांगितलं, गरीबखान्यात किंवा इस्पितळात जो मरेल आणि ज्याच्यावर कुणी हक्क सांगायला येणार नाही, त्याचं प्रेत वैद्यकीय शाळेला द्यावं. म्हणजे काल जी शिक्षा खुन्याला होती ती आज गरिबीला झाली. ज्याच्या घरात मातीचा खर्च करायला पैसा नाही, तो बेवारस. लंडनच्या गरिबांना याची फार धास्ती होती. पै-पै साठवून लोक मयताच्या फंडात पैसे टाकत, ते यासाठीच.

तेव्हा त्या जगप्रसिद्ध पुस्तकातला प्रत्येक स्नायू, प्रत्येक मज्जातंतू हा लंडनच्या बेवारस गरिबाचा आहे. त्यातल्या एकाचंही नाव पुस्तकात नाही, आभारही नाहीत.

हे वाचून आपल्याला वाटेल, गोऱ्यांच्या देशातली ही गोष्ट. पण बेवारस देहाचं हे तत्त्व आपल्याकडंही आलं आणि राहिलं. स्वराज्य आल्यावर मुंबई राज्यात १९४९ साली शरीररचनेचा कायदा झाला, त्याचाही पाया बेवारस प्रेत हाच आहे. आज देहदान करणारे लोक वाढले आहेत, ही चांगली गोष्ट. पण हिंदुस्थानातल्या कॉलेजांत पिढ्यान्‌पिढ्या डॉक्टर तयार झाले ते फुटपाथवर, स्टेशनावर, सरकारी वॉर्डात मेलेल्या बेवारस माणसांच्या अंगावर हात साफ करून. गावातून उठून शहरात आलेला, कुणी नातेवाईक जवळ नसलेला माणूस कोण असतो? हा प्रश्न आपल्यालाच विचारायला हवा, कारण उत्तर आपल्यालाच माहीत आहे.

३. हात कुणाचा?

आता दुसरा प्रश्न. मेलेल्या देहाला हात लावणं हे हिंदू समाजात सगळ्यात हलकं काम. गावात ढोर मेलं की ते ओढून न्यायचं महारानं. ते त्याच्या वतनातच लिहिलेलं. कातडं सोलायचं, कमवायचं, ते ढोरानं आणि चांभारानं. या कामामुळंच आम्हाला अस्पृश्य ठरवलं असं काही पंडित सांगत आले. बरं, मग एक सांगा. ज्या माणसानं शंभर बैल फाडले त्याला काळीज कुठं असतं, फुफ्फुस कसं फुगतं, पित्ताची पिशवी कुठं लटकते हे माहीत नव्हतं? होतंच. पण त्याच्या ज्ञानाला कुणी विद्या म्हटलं नाही. उलट त्या ज्ञानाचाच विटाळ मानला. आणि बंगालच्या मधुसूदन गुप्त या वैद्यानं १८३६ साली कलकत्त्याच्या कॉलेजात प्रेतावर सुरी चालवली, तेव्हा तो वैद्यकाच्या इतिहासातला मोठा दिवस ठरला. गुप्तांच्या हिंमतीला माझा विरोध नाही. पण काम तेच, मांस तेच, सुरी तीच. हात बदलला की विटाळाची विद्या होते, याला काय म्हणायचं?

आणि पुढं काय झालं? दवाखान्यात प्रेत उचलणारा, धुणारा, टाळू फोडणारा, शिवणारा हात खालच्या जातीचाच राहिला. आजही अनेक सरकारी शवागारांत प्रत्यक्ष चिरफाड सफाई कामगार करतो आणि डॉक्टर चार पावलं लांब उभं राहून रिपोर्ट लिहितो, असं वर्तमानपत्रांतून वारंवार येत असतं. रिपोर्टखाली सही कुणाची असते? ग्रे आणि कार्टरचंच नातं हे, फक्त इथं त्याच्यावर जातीचा शिक्का आहे. कार्टरचं नाव निदान बारीक टाइपात तरी छापलं गेलं.

म्हणून बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढू नका असं सांगितलं तेव्हा ते केवळ एक घाण काम सोडायला सांगत नव्हते. या सगळ्या व्यवहाराचा करारच ते फाडत होते.

४. अनवाणी पाय

हिंदुस्थानात आल्यावर कार्टरनं एका रोगाचा नेटानं अभ्यास केला. पाय सुजतो, जागोजागी छिद्रं पडतात, त्यातून पू आणि काळे किंवा पिवळट दाणे येतात. हाड सडत जातं. दक्षिणेकडं याला मदुरेचा पाय म्हणायचे. कार्टरनं ते दाणे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, हा बुरशीचा रोग आहे असं मांडलं आणि त्याला 'मायसेटोमा' हे नाव दिलं. १८७४ साली त्याचं यावरचं पुस्तक निघालं, स्वतः काढलेल्या रंगीत चित्रांसकट. शास्त्र म्हणून हे काम मोठं आहे. काही रुग्णांत हा रोग बुरशीऐवजी जंतूंमुळं होतो हे पुढं कळलं, पण मूळ वाट त्यानंच दाखवली. तेव्हा त्यावर औषध नव्हतं. रोग वाढला की पाय कापायचा, एवढाच इलाज.

हा रोग शिरतो कसा? शेतात, रानात अनवाणी चालणाऱ्याच्या पायात बाभळीचा काटा मोडतो आणि काट्याबरोबर मातीतली बुरशी आत जाते. म्हणजे हा अनवाणी माणसाचा रोग. कुणब्यालाही होतो, धनगरालाही होतो, आपल्यालाही होतो. वहाण न परवडणं ही गरिबी झाली. पण आपल्या लोकांच्या बाबतीत गरिबीच्या वर आणखी एक कायदा होता. गावातून, चावडीपुढून, पाटलाच्या वाड्यावरून जाताना महार-मांगानं पायात वहाण घालायची नाही. काढून हातात घ्यायची. चांभार गावाच्या वहाणा शिवणार आणि स्वतः गावातून अनवाणी जाणार. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी दिसली. पाय अनवाणी ठेवणारी रीत त्या काचेखाली दिसण्यासारखी नव्हती, ती गावाच्या वेशीत उभं राहून बघावी लागते.

कार्टरला दोष देऊन मी मोकळा होत नाही. त्या काळच्या केसपेपरवर जात, वय, धंदा, गाव हे सगळं लिहायची पद्धत होती. त्यामुळं निदान आज आपल्याला विचारता तरी येतं. आमच्या गावगाड्यानं तर एवढंही लिहून ठेवलं नाही. आणि ही गोष्ट जुनी झाली असंही समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं मायसेटोमाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतलं ते २०१६ साली. कार्टरच्या पुस्तकानंतर १४२ वर्षांनी. रोगी श्रीमंत असते तर एवढा वेळ लागला असता का?

५. दुष्काळाचा ताप

१८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ. सातारा, सोलापूर, विजापूर, पुणे, नगर हा सगळा पट्टा होरपळला. सरकारी दुष्काळी कामावर मजुराला दिवसाकाठी एक रत्तल धान्य आणि वर किरकोळ पैसे, असा सर रिचर्ड टेंपल यांचा १८७७ चा हिशोब. एवढ्यावर राबणारा माणूस जगत नाही, म्हणून मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामं सोडली. तो एक मोठा संपच होता. आपल्या चळवळीच्या इतिहासात त्याची नोंद व्हायला हवी. त्याच काळात जोतीराव फुले आणि सत्यशोधक मंडळी दुष्काळातल्या पोरांसाठी अन्नछत्र चालवत होती.

भुकेली माणसं मुंबईला लोटली. १८७७ साली तिथं एक ताप आला. चार-सहा दिवस ताप, मग उतरतो, आठवड्यानं पुन्हा उलटतो. कार्टरनं या रोग्यांचं रक्त तपासलं आणि त्यात मळसूत्रासारखे वळवळणारे जंतू दाखवले. हे काम करता करता त्याला स्वतःलाही तो ताप झाला. १८८२ साली त्याचं यावरचं जाडजूड पुस्तक निघालं. त्यानं या तापाला दुष्काळाचा ताप असंही म्हटलं आहे. जंतूच्या एका जातीला पुढं शास्त्रज्ञांनी कार्टरचं नाव दिलं.

हा ताप अंगावरच्या उवांतून पसरतो हे कळायला आणखी तीस वर्षं गेली. मॅकी नावाच्या दुसऱ्या लष्करी डॉक्टरनं १९०७ साली नाशिकच्या साथीत ते दाखवून दिलं. आता सगळी साखळी जोडून बघा. पीक गेलं, सावकारानं भांडीकुंडी नेली, अंगावर एकच फाटकं कापड उरलं, धुवायला दुसरं नाही, पाणवठ्यावर आपल्याला मज्जाव, दहा माणसं एका खोलीत. उवा होणार नाहीत तर काय होईल? जंतू रक्तात सापडला हे खरं. पण जंतूला माणसापर्यंत आणणारी वाट सावकारानं, सरकारनं आणि जातीनं मिळून बांधलेली होती.

जंतूला नाव मिळालं कार्टरचं. ज्यांच्या रक्तात तो सापडला ती माणसं पुस्तकात केस म्हणून राहिली.

६. महारोगी आणि पाणवठा

कार्टरचं तिसरं मोठं काम महारोगावरचं. मुंबई इलाख्यातल्या महारोग्यांचे आकडे त्यानं गोळा केले. १८७३ साली तो मुद्दाम नॉर्वेला गेला, कारण तिथं महारोग्यांसाठी सरकारी आश्रयस्थानं होती आणि हान्सन नावाच्या डॉक्टरनं त्याच सुमारास महारोगाचा जंतू शोधला होता. परत आल्यावर कार्टरनं लिहिलं, हिंदुस्थानातही अशी ठिकाणं काढावीत, रोगी वेगळे ठेवावेत.

पुढं, कार्टर मेल्यानंतर वर्षभरात, १८९८ चा महारोग्यांचा कायदा आला. त्यात पकडायचा तो 'भिकारी महारोगी'. रस्त्यावर भीक मागणाऱ्याला पोलिसानं धरायचं, डॉक्टरनं तपासायचं, मॅजिस्ट्रेटनं आश्रमात डांबायचं. घरात जागा आणि पैसा असलेल्या महारोग्याला हा कायदा सहसा शिवत नव्हता. शिवाय महारोग्यांवर बंदी घालायच्या गोष्टींची यादी होती. विकायचं अन्न बनवायचं नाही, सार्वजनिक विहिरीचं, तळ्याचं पाणी घ्यायचं नाही. ही यादी आपल्या ओळखीची वाटते ना? एका रोगासाठी सरकारला कायदा लिहावा लागला. आपल्यावर तीच बंदी जन्मापासून होती आणि त्याला कुठल्याही डॉक्टरचं सर्टिफिकेट लागत नव्हतं. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेणाऱ्यांनी कुठली यादी फाडली हे यावरून समजावं. महारोग्यांचा तो कायदा रद्द व्हायला मात्र २०१६ साल उजाडलं.

नॉर्वेतलीच एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. याच हान्सननं १८७९ साली एका रोगी बाईच्या डोळ्यात तिला न विचारता, रोगाचा लाग होतो का हे बघायला, दुसऱ्या रोग्याच्या गाठीतला अंश टोचला. बाई गरीब, खेड्यातली. पण तिनं तक्रार केली. १८८० साली बर्गनच्या कोर्टानं हान्सनला इस्पितळातल्या जागेवरून काढलं. त्या बाईचं नाव कारी नील्सदात्तर. हजारो रोग्यांतून तिचंच नाव आज आपल्याला माहीत आहे, ते कुणी दयाळूपणानं लिहून ठेवलं म्हणून नव्हे. तिनं तक्रार केली, कोर्टात उभी राहिली, म्हणून.

आपल्याकडंही तेच दिसतं. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली अर्ज लिहिले, लष्करात महारांची भरती बंद का केली म्हणून सरकारला जाब विचारला. त्या अर्जांनी आपल्या लोकांचं म्हणणं आपल्याच शब्दांत सरकारी दप्तरात घातलं. सोसणारा नोंदवहीत आकडा होऊन जातो. अर्ज करणारा माणूस म्हणून जातो.

७. करवीरचा हुकूम

आता आपल्या कोल्हापुरात या. १८८० च्या दशकात इथं आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल उभं राहिलं. आजचं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, आपल्या तोंडी सीपीआर. दवाखाना झाला म्हणून सगळ्यांना हात लावणारा डॉक्टर मिळाला असं होत नाही. १९१९ साली शाहू महाराजांनी हुकूम काढला. दवाखान्यात येणाऱ्या अस्पृश्यांना इतरांसारखंच वागवायचं. ज्या नोकराला हे जमत नसेल त्यानं सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, त्याला पेन्शन मिळणार नाही.

हा हुकूम आपण अभिमानानं सांगतो, सांगावाच. पण त्याची उलटतपासणीही करा. हुकूम काढावा लागला याचा अर्थ काय? तोवर दवाखान्यात आपल्या माणसाला कसं वागवत होते, याची साक्ष त्या हुकमातच आहे. आणि पेन्शन तोडायची धमकी दिल्याशिवाय हे लोक हलणार नाहीत हे महाराजांना पक्कं माहीत होतं. माणगावची परिषद झाली १९२० च्या मार्चात, म्हणजे हा हुकूम त्याच घुसळणीतला आहे.

संस्थानाबाहेर काय चालू होतं? बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये काठेवाडातली १९२९ ची हकिकत दिली आहे. अस्पृश्य शिक्षकाची बाळंतीण बायको आजारी. डॉक्टर वस्तीत शिरेना. बाहेर उभं राहून त्यानं थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिलं, त्यानं नवऱ्याच्या हाती, नवऱ्यानं बायकोला लावलं, आणि तसंच ते परत गेलं. पुढं डॉक्टर पुन्हा यायला तयार झाला नाही. बाई मेली. त्याच काठेवाडात पन्नास-एक वर्षांपूर्वी कार्टर महारोग्यांना तपासत फिरला होता, महारोग कसा पसरतो हे जगाला धड ठाऊक नसताना. परका माणूस महारोग्याला हात लावत होता आणि आपला म्हणवणारा बाळंतिणीला शिवत नव्हता. कार्टरचा हात बहुतेक वेळा नमुना म्हणून शिवला, हे मी आधीच सांगितलं. तरी शिवला. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत आणि दोन्ही लक्षात ठेवायच्या आहेत. त्यातली एक सोईची म्हणून उचलायची आणि दुसरी लपवायची, हा धंदा प्रस्थापित इतिहासकारांना लखलाभ.

८. नाव कुणाचं?

कार्टर मेला त्याच १८९७ साली, दोन महिने आधी, १० मार्चला सावित्रीबाई गेल्या. पुण्यात प्लेग होता. लष्करी नोकरीतला त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत हडपसरच्या माळावर प्लेगचा दवाखाना चालवत होता. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या पोराला प्लेग झाला. सावित्रीबाईंनी ते पोर पाठीवर घेतलं आणि दवाखान्यात आणलं. त्यात त्यांना प्लेग लागला. इथंही एक लष्करी डॉक्टर आहे, इथंही साथ आहे, रोगी आहे. पण हा रोगी केस नंबर अमुक म्हणून आपल्यापर्यंत आलेला नाही. बापाच्या नावानिशी, गावानिशी, वाड्यानिशी आला. कारण ही आठवण सांगणारे लोक त्याला नमुना समजत नव्हते.

आणि सातारा. कार्टर तिथून गेल्यावर अठ्ठावीस वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९०० रोजी, सातारच्या सरकारी शाळेत एका सुभेदाराच्या पोराचं नाव दाखल झालं. रजिस्टरात १९१४ हा क्रमांक आणि त्यापुढं भिवा रामजी आंबेडकर. ते पोर वर्गात वेगळं बसवलं गेलं, त्याला पाणी वरून ओतलं गेलं. पण रजिस्टरात नाव लागलं ते लागलं. २०१७ पासून महाराष्ट्रात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. एका कारकुनानं शाईनं ओढलेल्या ओळीचं मोल किती असतं, बघा.

९. मग करायचं काय?

भाषणं पुष्कळ झाली. मी काम सांगतो.

कोल्हापुरात पुराभिलेखागार आहे, संस्थानी दप्तर तिथं आहे. शाहू महाराजांचे कागद शिवाजी विद्यापीठानं खंडांच्या रूपानं छापले आहेत. शाळांची जुनी दाखल-रजिस्टरं आहेत, नगरपालिकेची जन्म-मृत्यूची बुकं आहेत, गावोगावी वतनाचे कागद आहेत. शेंडा पार्कात महारोग्यांची वसाहत होती, तिथं राहिलेल्यांच्या घरच्या आठवणी आहेत. प्रत्येक गटानं एक दप्तर धरावं. मोडी येत नसेल तर शिकावी, दोन-तीन महिन्यांत वाचता येते. कागद हातात आला की हेच तीन प्रश्न विचारा. देह कुणाचा, हात कुणाचा, नाव कुणाचं. जिथं नाव असेल तिथं ते उतरवून घ्या. जिथं नुसता आकडा असेल तिथं गाव आणि वर्ष तरी उतरवून घ्या. मग त्या गावच्या आपल्या वस्तीत जा आणि म्हाताऱ्यांना विचारा. रजिस्टरात जो बेवारस आहे त्याचा वारस वस्तीत सापडतो.

आणि आपले कागद टाकून देऊ नका. मोर्च्याचं पत्रक, सभेची वही, नामांतराच्या वेळच्या अटकेची नोटीस, आजीच्या दवाखान्याचा केसपेपर, सफाई कामगार बापाचं हजेरी कार्ड, सगळं एका पेटीत ठेवा. वर तारीख घाला. कार्टरच्या घरच्यांनी त्याच्या वह्या जपल्या म्हणून ग्रेनं कापलेलं नाव आज जगापुढं पुन्हा आलं. आपल्या माणसांचं नाव पुन्हा आणायला वेलकम संग्रह येणार नाही. तेव्हा पुढच्या महिन्याच्या बैठकीला येताना प्रत्येकानं आपल्या घरातला एक तरी जुना कागद घेऊन यावं. तिथूनच यादी सुरू करू.

जय भीम.